रुग्णमाहिती, आपत्कालीन : सातारा व सांगली जिल्हे

अपघात, साथ, भूकंप, पूर, चेंगराचेंगरी यांसारख्या प्रसंगी रुग्णापाशी प्रथम पोहोचणाऱ्या व्यक्तींनी त्याची प्रकृती, पूर्वीचे आजार व केलेले प्रथमोपचार यांविषयी एकमेकांस व पुढील रुग्णालयास दिलेली माहिती. प्रथम पोहोचणाऱ्यांत डॉक्टर क्वचितच असतो. शेजारी, वाटसरू, पोलीस पाटील, नावाडी, रुग्णवाहिकेचा चालक, आशा कार्यकर्ती, पोलीस व जवान हेच बहुधा तेथे आधी असतात. दंश केव्हा झाला, रक्तस्राव किती वेळ होत आहे, स्त्री गरोदर आहे काय, रुग्णास मधुमेह आहे काय, कोणते औषध पोटात गेले आहे, एवढ्याच गोष्टी त्या घटकेस हव्या असतात. परंतु त्या वेळीच कळल्या नाहीत तर पुढे उत्तम साधने असूनही त्यांचा उपयोग मर्यादित राहतो. याच माहितीला दुसरी बाजू आहे. ती अयोग्य हाती पडल्यास रुग्णास घरातून उचलून नेणे, वाळीत टाकणे, खटला भरणे किंवा बदनाम करणे यांसाठीही वापरली जाते. म्हणून लोक ती लपवितात. सातारा व सांगली जिल्ह्यांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा अनुभव पाहता माहिती सांगण्याची पद्धत व ती लपविण्याची कारणे यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

हे दोन्ही जिल्हे १९४९ पर्यंत मुख्यतः एकाच सातारा जिल्ह्यात मोडत. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. पश्चिमेस सह्याद्रीचा अतिपावसाचा व भूकंपप्रवण पट्टा, पूर्वेस माण, खटाव, जत, आटपाडी हा अवर्षणाचा प्रदेश आणि मध्यभागी कृष्णा-कोयनेचे पूरक्षेत्र अशी येथील रचना आहे. ब्रिटिश अमदानीत या मुलखात औंध, फलटण, जत, सांगली, मिरज या संस्थानांचे तुकडे विखुरलेले होते. औंध संस्थानाची कुंडल व आटपाडीसारखी गावे मूळ गादीपासून दूर, ब्रिटिश हद्दीने वेढलेली होती. एका गावचा रोगी शेजारच्या गावी गेला म्हणजे तो पुष्कळदा दुसऱ्याच राज्यात गेलेला असे आणि त्याच्याविषयीची खबर त्याच्यामागून जाण्यास दोन दफ्तरे ओलांडावी लागत.

प्लेगची साथ : आपत्काळात रुग्णाची माहिती गोळा करून ती एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यास कळविण्याचा मोठ्या प्रमाणावरील पहिला प्रयत्न प्लेगच्या निमित्ताने झाला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रकट झाला व लोक गावाकडे परतू लागले. त्यांच्याबरोबर रोगही लोहमार्गाने दक्षिणेकडे सरकला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम संमत झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने प्रवाशांची तपासणी करणे, संशयितांस वेगळे ठेवणे व त्यासाठी नियम करणे हे अधिकार सरकारला मिळाले. आज्ञाभंग हा दंडनीय अपराध ठरला आणि अंमल करणाऱ्या अधिकाऱ्यांना संरक्षण मिळाले. रुग्णाच्या माहितीचे काय करावे आणि काय करू नये याविषयी मात्र कायद्यात एक शब्दही नव्हता. त्या काळच्या दृष्टीने तो प्रश्नच नव्हता, असे म्हणावे लागते.

पुणे-मिरज मार्गावरील स्थानकांवर उतारूंची तपासणी होऊ लागली. मिरज हे जंक्शन असल्याने तेथून कोल्हापूर, बेळगाव व पुढे दक्षिणेकडे जाणाऱ्यांची वर्दळ असे. मद्रास इलाख्यात बाधित प्रदेशातून येणाऱ्या प्रवाशाला ‘प्लेग पासपोर्ट’ नावाचा दाखला देण्यात येई व मुक्कामाच्या गावी त्याला ठराविक दिवस अधिकाऱ्यापुढे हजर राहावे लागे. नाव, गाव, मुक्कामाचे ठिकाण व प्रकृतीची स्थिती एवढ्या चार गोष्टी प्रवाशाबरोबर कागदावर फिरविण्याची ही योजना होती. कल्पना म्हणून ती सदोष नव्हती. तिच्यामागे असलेली सक्ती मात्र लोकांना असह्य झाली.

गावपातळीवर खबर देण्याचे काम पाटील-कुलकर्ण्यांकडे होते. मुंबई ग्राम पोलीस अधिनियम १८६७ प्रमाणे पोलीस पाटील हा सरकारचा गावातील डोळा होता आणि जन्ममृत्यूची नोंदही गावकामगारांच्या वहीतच होई. घरात उंदीर पडू लागले की साथ आली, हे खेड्यातील माणसाला लवकरच उमगले. पण ती गोष्ट सांगण्यास कोणी धजेना. घरात काखेत किंवा जांघेत गाठ आलेला माणूस आहे असे कळविले की तो विलगीकरण छावणीत जाणार, घर रिकामे होणार, चीजवस्तू जाळली जाणार आणि घरातील स्त्रियांची परक्या पुरुषांकडून तपासणी होणार, हे ठरलेले होते. परिणामी रोगी माळ्यावर, कणगीमागे किंवा शेतातील खोपटात ठेवले जात. मृत्यू दुसऱ्याच कारणाच्या नावे लिहिला जाई. पुण्याच्या प्लेग समितीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड हा आधी साताऱ्यास असिस्टंट कलेक्टर होता आणि १८९४ मधील वाईच्या वाद्यप्रकरणामुळे या जिल्ह्यास तो परिचित होता. जून १८९७ मध्ये पुण्यात त्याच्यावर गोळी झाडली गेली, ती याच रोषातून. सक्ती वाढली तशी खबर आटत गेली. साथीच्या पुढील वर्षांत सरकारने घरझडत्यांचा जोर कमी करून गावाबाहेर झोपड्यांत राहावयास जाणे व हाफकिनची लस टोचून घेणे यांवर भर दिला; काही ठिकाणी टोचल्याचा दाखला असणाऱ्याला विलगीकरणातून सूट मिळे. दाखला बाळगण्यात रुग्णाचाच लाभ आहे असे दिसू लागताच तो लपविण्याचे कारण उरले नाही [→ प्लेग].

या काळातील स्वयंस्फूर्त प्रथम मदतीचे सर्वांत ठळक उदाहरणही सातारा जिल्ह्याशी निगडित आहे. खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळील दवाखान्यात प्लेगचे रोगी स्वतः आणून पोहोचविले. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आल्यानंतर त्यांनाही संसर्ग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सरकारी शोधपथकास ज्या घरांची दारे बंद होत, ती त्यांच्यासाठी उघडी राहत. कारण त्यांना दिलेल्या खबरीचा उपयोग केवळ उपचारासाठी होईल, असा लोकांचा भरवसा होता.

मिरज येथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम जेम्स वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडले. संस्थानी प्रदेशातील हे रुग्णालय ब्रिटिश व संस्थानी अशा दोन्ही मुलखांतील रुग्णांना खुले होते आणि आगगाडीमुळे दूरदूरचे रोगी तेथे येत. रुग्णाचा पूर्ववृत्तान्त सांगणारा एकमेव दस्तऐवज म्हणजे त्याच्याबरोबर आलेला नातेवाईक. भारतीय रुग्णालयांत नातेवाइकांच्या गर्दीविषयी पुष्कळ तक्रारी केल्या गेल्या आहेत. परंतु कागद नसलेल्या समाजात तो नातेवाईकच रुग्णाची वही होता, हे विसरता येत नाही.

रणांगणातील धडा : सातारा जिल्हा हा मराठा पलटणींच्या भरतीचा प्रमुख प्रदेश. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांची माहिती पुढे पाठविण्याची दोन टोके दिसून आली. पश्चिम आघाडीवर जखमी शिपायाच्या गुंडीला एक पत्र अडकवीत. त्यावर नाव, पलटण, जखमेचे स्वरूप आणि दिलेले औषध लिहिलेले असे. मॉर्फिनची एक मात्रा आधी दिली आहे हे पुढील ठाण्याच्या डॉक्टरास न कळल्यास दुसरी मात्रा जीवघेणी ठरू शके, म्हणून ही दक्षता. जखमींची तीव्रतेनुसार वर्गवारी करण्याची रीत नेपोलियनचा शल्यविशारद लारे याच्या काळापासून रूढ झाली होती. तिला या पत्राने लेखी आधार मिळाला.

मेसोपोटेमियात याच्या उलट घडले. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईनंतर हजारो जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून तैग्रिस नदीपर्यंत व तेथून गलबतांवर दाटीवाटीने बसऱ्यास नेण्यात आले. वाटेत कित्येकांच्या जखमा बांधल्याही गेल्या नाहीत. वरिष्ठांना गेलेल्या तारांत मात्र व्यवस्था समाधानकारक असल्याचे कळविले जात होते. बसऱ्यास पोहोचलेले ‘मेजिदिये’ हे जहाज पाहून इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील मेजर कार्टर यांनी सत्य स्थिती लिहून कळविली, तेव्हा लुडबुड्या म्हणून त्यांनाच अटकेची धमकी मिळाली. पुढे चौकशी आयोगाने १९१७ मध्ये आपल्या अहवालात त्यांचे म्हणणे ग्राह्य धरले आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. रुग्णाविषयीची माहिती केवळ रुग्णाच्या सोयीची नसते, ती अधिकाऱ्यांच्या गैरसोयीचीही असते. ती दडपली जाण्याचे हे कारण प्लेगच्या काळातील कारणाहून वेगळे आहे आणि तितकेच जुने आहे.

स्वातंत्र्य आंदोलन : ऑगस्ट १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात मोर्चांचे सत्र सुरू झाले. ९ सप्टेंबर रोजी वडूज येथे व दुसऱ्या दिवशी इस्लामपूर येथे पोलिसांनी गोळीबार केला व त्यांत अनेक जण धारातीर्थी पडले. पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पाठलागात वसंतदादांना गोळी लागली व दोघे सहकारी मृत्युमुखी पडले. या काळात गोळीची जखम हाच गुन्ह्याचा पुरावा होता. भूमिगताच्या उपचाराची नोंद दवाखान्याच्या वहीत होणे म्हणजे पोलिसांच्या हाती धागा देणे ठरले असते. जी नोंद एरवी प्राण वाचविते, तीच येथे प्राण घेऊ शकत होती. निरोप तोंडी जात आणि विश्वासाच्या माणसाकडूनच जात [→ प्रतिसरकार].

ग्रामीण व्यवस्था व चिठ्ठी : स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे, १९६२ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा परिषदा व त्याच वर्षी सुरू झालेले मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे रुग्णास पुढे पाठविण्याची साखळी तयार झाली. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ अन्वये गावातील गुन्ह्यांबरोबरच लोकांच्या आरोग्याची व सर्वसाधारण स्थितीची माहिती दंडाधिकाऱ्यास देत राहणे हे पोलीस पाटलाचे कर्तव्य ठरविण्यात आले. या साखळीतील मुख्य कागद म्हणजे प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरने लिहिलेली चिठ्ठी. चार ओळींच्या या चिठ्ठीवर किती अवलंबून असते, ते दोन उदाहरणांवरून लक्षात येईल.

पहिले सर्पदंशाचे. शिराळा, पाटण, जावळी या पावसाळी तालुक्यांत व कृष्णाकाठच्या उसाच्या फडांत सर्पदंश नेहमीचा. मुंबईच्या हाफकिन संस्थेत तयार होणारी प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. त्यामुळे साप कोणता हे ओळखता आले नाही तरी अडत नाही. दंशाची वेळ, पापण्या जड झाल्या त्याची वेळ, आवळपट्टी बांधली असल्यास ती किती वेळ होती आणि लसीच्या किती कुप्या दिल्या, हे मात्र लिहून पाठवावेच लागते. साप मारून बरोबर नेण्याच्या खटपटीत अर्धा तास घालविणारे लोक वेळ मात्र अंदाजाने सांगतात, हा तालुक्याच्या दवाखान्यांतील सार्वत्रिक अनुभव आहे.

दुसरे उदाहरण विषबाधेचे. तासगाव, मिरज, पलूस, कवठे महांकाळ या द्राक्षपट्ट्यात व ऊसपट्ट्यात कीटकनाशके घरोघर असतात. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील विष पोटात गेले असल्यास ॲट्रोपीन तातडीने द्यावे लागते. अन्य बहुतेक वर्गांतील विषांस त्याचा उपयोग होत नाही. म्हणून डबा किंवा निदान त्यावरील चिठोरा रुग्णाबरोबर आणणे ही सर्वांत मोलाची मदत होय. तथापि भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. पोलीस येतील व घराची अब्रू जाईल या भीतीने घरचे लोक ‘चक्कर आली’, ‘काही बाधले’ असे सांगत आणि डॉक्टर भलत्याच दिशेने विचार करी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ ने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सर्वसाधारण स्वरूपातील हे कलम राहिले नाही. कायदा बदलला तरी घरातील भीती तितक्याच वेगाने ओसरत नाही. प्लेगमधील गाठ आणि विषाचा डबा यांच्या लपविण्यात फारसा फरक नाही.

कोयना भूकंप : ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी पाटण तालुक्यातील कोयनानगर परिसरात तीव्र भूकंप झाला. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली व दोन हजारांहून अधिक जखमी झाली. कोयनानगरातील बहुतेक घरे पडली अथवा मोडकळीस आली. वीजनिर्मिती थांबल्याने मुंबईपर्यंतचा पुरवठा खंडित झाला. डोंगरी मुलूख, थंडीची पहाट व विखुरलेल्या वाड्या असल्यामुळे ढिगाऱ्याखाली कोण आहे याची खबर प्रथम शेजाऱ्यांकडूनच मिळणे शक्य होते. दगडमातीच्या घरांखाली सापडलेल्यांत हाडे मोडणे, छाती व ओटीपोट चेचले जाणे या इजा अधिक असतात. किती वेळ अवयव दडपलेला होता ही गोष्ट पुढील डॉक्टरास कळणे आवश्यक असते, कारण दडपण निघाल्यानंतर काही तासांनी मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. ही माहिती फक्त ढिगारा उपसणाऱ्याला असते आणि तो बहुधा रुग्णाबरोबर जात नाही, पुढचा ढिगारा उपसू लागतो. भूकंपाच्या वेळी माहितीची साखळी कोठे तुटते ते यावरून दिसते [→ कोयना प्रकल्प].

किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर महाराष्ट्रात मंत्रालयापासून जिल्ह्यांपर्यंत नियंत्रण कक्षांची रचना झाली व जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार झाले. आराखड्यांत दूरध्वनी क्रमांक, बोटी, रुग्णालयांतील खाटा यांच्या याद्या आल्या. साधनांची यादी करणे सोपे असते. कोणत्या घरात कोणास कशाची गरज आहे, ही यादी त्यांत नव्हती.

इ. स. २००५ : या विषयाच्या इतिहासात हे वर्ष अनेक कारणांनी लक्षणीय आहे. २५ जानेवारी रोजी पौष पौर्णिमेच्या यात्रेत वाई तालुक्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या डोंगरावर चेंगराचेंगरी व आग यांत सुमारे तीनशे भाविक मरण पावले. अरुंद चढणीची वाट, दुतर्फा दुकाने व त्यांतील गॅसच्या टाक्या यांमुळे अनर्थ वाढला. मृतांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. मृत व जखमी यांना वाई व सातारा येथे हलविण्यात आले. यात्रेकरू अनेक जिल्ह्यांतून आलेले, एका कुटुंबातील माणसे वेगवेगळ्या वाहनांतून निरनिराळ्या दवाखान्यांत गेलेली, त्यामुळे आपले माणूस जखमींत आहे की मृतांत हे कळण्यासाठी नातेवाइकांना एकेका दारात चौकशी करावी लागली. यात्रेत हरवलेल्यांची नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी व उपयुक्त आहे. जखमींच्या बाबतीत तशी एकत्रित यादी लावण्याची सोय मात्र आधी योजलेली नसते. या दुर्घटनेच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती राजन कोचर आयोग नेमण्यात आला.

त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर येऊन सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलैमध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत व बसमध्ये बाँबस्फोट झाले. तेथे साधनांची टंचाई नव्हती. परंतु माहिती संरक्षण कायद्याच्या धास्तीने मदत करणाऱ्या संस्थांनी बचावलेल्यांची नावे व पत्ते एकमेकांस देण्यास संकोच केला, असे पुढील पाहणीत आढळले. २००७ मध्ये ब्रिटिश सरकारने मार्गदर्शिका काढून आपत्काळात माहिती देण्यास कायदा आड येत नाही, असे स्पष्ट केले. ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळाने रुग्णालयांचे कागद भिजून नष्ट झाले. तेव्हा औषधविक्रेत्यांच्या संगणकांतील नोंदी एकत्र करून विस्थापितांची औषधे डॉक्टरांना पाहता येतील अशी सोय तातडीने करण्यात आली व गोपनीयतेच्या कायद्यातील काही दंड तात्पुरते स्थगित झाले. भारतात २३ डिसेंबर २००५ रोजी आपत्ती व्यवस्थापन अधिनियमास मंजुरी मिळून जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे अस्तित्वात आली. या कायद्यात साधने ताब्यात घेण्याचे विस्तृत अधिकार आहेत. रुग्णमाहितीचा स्वतंत्र विचार त्यात आढळत नाही.

रुग्णवाहिका सेवा : जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा सुरू झाली. ९३७ रुग्णवाहिकांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक साधनांनी युक्त होत्या व प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा अशी योजना होती. पुण्यातील केंद्रात दूरध्वनी घेऊन जवळची गाडी रवाना केली जाते, गाडीतील डॉक्टर रुग्णाची नोंद भरतो व रुग्णालयास आगाऊ सूचना देतो. पुणे-बंगळूर महामार्ग खंबाटकी घाट, सातारा व कराड या भागांतून जातो. तेथील अपघातांत या सेवेचा उपयोग विशेष. पूर्वी जखमीला उचलणारा वाटसरू पोलिसांच्या जबाबाच्या भयाने नाव न सांगता निघून जाई व त्याच्याबरोबर अपघाताचा तपशीलही जाई. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात कायदेशीर सोपस्कारांपूर्वी उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरविले. मार्च २०१६ मध्ये मदतनीसांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात ते संरक्षण समाविष्ट झाले. नाव न सांगण्याची मुभा मिळाल्यावर मदतनीस थांबून हकीकत सांगू शकतो. एका माणसाची ओळख गुप्त ठेवल्याने दुसऱ्याची माहिती मिळते, असा हा व्यवहार आहे.

महापूर व दरडी : ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर चढले. सांगली शहराचा मोठा भाग व नदीकाठची गावे जलमय होऊन लाखाहून अधिक लोकांना हलवावे लागले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल व सैन्यदले मदतीस आली. बाहेरून आलेल्या जवानाला गल्ली ठाऊक नव्हती, मग तिच्यातील अंथरुणास खिळलेला वृद्ध किंवा दिवस भरलेली स्त्री कोठून ठाऊक असणार? हे ज्ञान आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांच्या वह्यांत असते. गरोदर स्त्रियांची नोंद, प्रसूतीची अपेक्षित तारीख, क्षयाचे औषध घेणारे रुग्ण यांची यादी त्या वर्षभर ठेवतात. पूर चढण्याआधी ती यादी बोटीवरील पथकाच्या हाती जाणे, हीच सर्वांत स्वस्त व उपयुक्त आपत्कालीन व्यवस्था होय. परंतु ती कार्यकर्ती स्वतःच पूरग्रस्त असते आणि वही घरात राहिलेली असते. डायलिसिसवरील व इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांची तर अशी गावनिहाय यादीही नसते. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना नेणारी नाव उलटून बारांहून अधिक ग्रामस्थ बुडाले. नावेत नेमके किती जण होते याविषयी पहिल्या दिवशी निरनिराळे आकडे सांगितले जात होते. बसणाऱ्यांची मोजदाद झालेली नसली की शोध केव्हा थांबवावा हेही ठरविता येत नाही. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हाही त्या रात्री घरात कोण झोपले होते हाच पहिला प्रश्न होता.

कोविड-१९ : मार्च २०२० मध्ये परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातील चार जण इस्लामपूर येथे बाधित आढळले व थोड्याच दिवसांत त्यांच्या संपर्कातील रुग्ण पंचवीसच्या घरात गेले. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात उपचार झाले. संपर्कशोध जलद झाल्याने साखळी तेथे तुटली, ही प्रशासनाची जमेची बाजू. परंतु त्याच सुमारास बाधितांची नावे व पत्ते भ्रमणध्वनीवरून सर्वत्र फिरणे हा प्रकारही राज्यभर सुरू झाला होता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये बाधितांची नावे, ओळख वा वस्ती समाजमाध्यमांत पसरवू नये असे आवाहन केले. दारावरील फलक, सील केलेली गल्ली व रुग्णवाहिकेचा भोंगा यांनी जे उघड होत होते, ते आवाहनाने झाकले जाणे कठीण होते. चाचणी लांबविण्याकडे लोकांचा कल होण्यास हेही एक कारण झाले. याच महिन्यात आलेल्या ‘आरोग्य सेतू’ या उपयोजनेसाठी मे २०२० मध्ये माहितीच्या वापराचे नियम जाहीर झाले. कोणत्या खात्याला कोणती माहिती द्यावी आणि ती सामान्यतः १८० दिवसांनंतर नष्ट करावी, असे बंधन त्यांत होते. १८९७ च्या कायद्यात नसलेला विचार येथे प्रथमच लेखी आला. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात व त्यानंतरही, सातारा व सांगली हे राज्यातील अधिक रुग्ण असणाऱ्या जिल्ह्यांत मोडत होते. खाटेसाठी रुग्णवाहिका कराड, सातारा, मिरज अशा फिरत असता रुग्णाची ओळख प्राणवायूचे प्रमाण व छातीच्या स्कॅनचा गुणांक या दोन आकड्यांवर आली. चालकही ते आकडे दूरध्वनीवर बिनचूक सांगू लागले.

कायदेशीर स्थिती : भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाचे गुपित डॉक्टरने उघड करू नये, न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीस वा समाजास असलेला गंभीर धोका आणि अधिसूचित रोग हे त्याचे अपवाद आहेत. हे बंधन डॉक्टरवर आहे. पोलीस पाटील, नावाडी व स्वयंसेवक यांना ते लागू नाही आणि आपत्तीत माहिती प्रथम त्यांच्याच हाती येते. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने जीवितास धोका असणारी वैद्यकीय निकड, साथ व आपत्ती या प्रसंगी संमतीवाचून माहिती वापरण्यास मुभा दिली आहे. मात्र हा कायदा अंकीय स्वरूपातील माहितीपुरता असून आशा कार्यकर्तीची वही किंवा डॉक्टरची चिठ्ठी ती संगणकावर चढेपर्यंत त्याच्या कक्षेबाहेर राहते. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानात व्यक्तीस चौदा अंकी आरोग्य क्रमांक मिळतो व तिच्या संमतीने नोंदी एका रुग्णालयातून दुसऱ्यास पाहता येतात. त्यासाठी वीज, जाल-जोडणी व शुद्धीवर असलेला रुग्ण या तीन गोष्टी लागतात. २०१९ च्या पुरात कृष्णाकाठच्या अनेक गावांत यांपैकी पहिल्या दोन कित्येक दिवस उपलब्ध नव्हत्या.